जर आणि तर

१

मराठीत 'जरतरच्या गोष्टी' हा शब्दप्रयोग बहुधा नापसंतीने केला जातो. जे घडलेले नाही आणि घडेलच असेही नाही, त्यावर वेळ दवडणाऱ्याला गप्प करण्यासाठी तो योजतात. व्यवहार रोखीचा आणि जरतर उधारीचे, असा त्यामागचा भाव असतो. परंतु गेल्या अर्धशतकात मानवजातीच्या भवितव्याविषयी विज्ञानाने जे सर्वांत गंभीर ज्ञान पुढे ठेवले आहे, ते संपूर्णपणे जरतरच्याच भाषेत आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अमुक गतीने वाढत गेले, तर शतकाच्या अखेरीस अमुक प्रदेशाचे तापमान इतक्या अंशांनी वाढेल. हवामानबदलाविषयीचे प्रत्येक प्रक्षेपण याच साच्याचे वाक्य असते. अशा सशर्त वाक्याने माणूस नैतिकदृष्ट्या बांधला जातो काय? जात असेल, तर कोण बांधला जातो, किती आणि कोणासाठी?

हा प्रश्न पृथ्वीच्या गोलाकडे पाहून विचारला तर तो लवकरच अमूर्त होतो. तो एखाद्या ठिकाणी उभे राहून विचारावा लागतो. जबलपूर शहरातील गोरखपूर हे असे एक ठिकाण आहे. उत्तर प्रदेशातील प्रसिद्ध गोरखपूर ते हे नव्हे. ही जबलपूरच्या दक्षिण अंगाची दाट वस्तीची बाजारपेठ आहे. येथून नर्मदेचा ग्वारीघाट फार दूर नाही. उत्तरेला विंध्याच्या रांगा, दक्षिणेला सातपुडा आणि मध्ये नर्मदेचे खोरे, अशी या परिसराची ठेवण. १९५६पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्याच्या कितीतरी आधी काही दशके हा मुलूख सागरच्या मराठ्यांच्या आणि नंतर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची बोली दोन भाषांच्या सीमेवर वाढली आहे. हिंदीत 'मौसम' आणि 'जलवायु' हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत मात्र आजचे आभाळ आणि शंभर वर्षांची सरासरी या दोहोंना 'हवामान' हा एकच शब्द पुरतो. 'जलवायुमान' पाठ्यपुस्तकातच राहिले. भाषेतील ही तूट क्षुल्लक नाही. उद्याचा पाऊस सांगता येत नाही, मग पन्नास वर्षांनंतरचा कसा सांगणार, हा सर्वपरिचित आक्षेप याच तुटीतून उगवतो.

२

या आक्षेपाला उत्तर देण्यापूर्वी हे प्रक्षेपण कसे सिद्ध होते हे पाहणे इष्ट ठरेल. वातावरणाची गती भौतिकीच्या समीकरणांनी मांडता येईल आणि ती समीकरणे आकडेमोडीने सोडवून हवेचे भाकीत करता येईल, ही कल्पना लुइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ साली ग्रंथरूपाने मांडली. त्यांनी हाताने केलेले सहा तासांचे भाकीत साफ चुकले, पण पद्धत खरी ठरली. १९६३ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी दाखवून दिले की वातावरणाच्या आरंभस्थितीतील सूक्ष्म फरक वाढत जाऊन काही काळाने सारे भाकीत निरर्थक करतो. विशिष्ट दिवसाच्या हवेचे भाकीत सुमारे दोन आठवड्यांपलीकडे नेता येत नाही, ते यामुळेच. आणि १९६७ साली स्युकुरो मनाबे व रिचर्ड वेदराल्ड यांनी हिशेब मांडला की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास भूपृष्ठाचे तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढेल. मनाबे यांना या कार्यासाठी २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

लॉरेन्झ आणि मनाबे यांच्या निष्कर्षांत विरोध नाही. पुढल्या वर्षी वैशाखातील अमुक तिथीला जबलपुरात ऊन किती असेल, हे कोणी सांगू शकत नाही. पण वैशाख मार्गशीर्षापेक्षा तापलेला असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कारण पहिले विधान आरंभस्थितीवर अवलंबून असते आणि दुसरे सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेच्या हिशेबावर. हवामानबदलाचे प्रक्षेपण दुसऱ्या जातीचे आहे.

मात्र पृथ्वीव्यापी प्रतिमानाची जाळी विरळ असते. पृथ्वीचे पृष्ठ चौकटींत विभागले जाते आणि प्रत्येक चौकटीला एकच उंची, एकच तापमान, एकच पाऊस लाभतो. चौकटीची बाजू तीनशे किलोमीटर असेल, तर अख्खे मध्य प्रदेश राज्य तीन-साडेतीन चौकटींत संपते. विंध्य, सातपुडा आणि मधले खोरे यांची सरासरी होऊन एक पठार उरते, आणि त्या पठारावर नर्मदा नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीस प्रादेशिक प्रतिमाने पुढे आली. जगाच्या एका तुकड्यापुरतीच दाट जाळी टाकायची आणि तिच्या कडांवरून आत येणारे वारे, बाष्प व उष्णता पृथ्वीव्यापी प्रतिमानाकडून उसनी घ्यायची, ही त्यांची रीत. बाजू पन्नास किलोमीटरची झाली की जुन्या एका चौकटीत छत्तीस चौकटी बसतात. जबलपूर जिल्ह्याला दोन तरी मिळतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ब्रिटनच्या हॅडली केंद्राचे 'प्रेसिस' हे प्रतिमान अशा जाळीवर भारतासाठी चालवले आणि त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. तापमानवाढ देशभर पसरलेली, पावसातील बदल मात्र प्रदेशागणिक निराळा; कमाल व किमान तापमानांची टोके वाढणारी, त्यातही रात्री दिवसांपेक्षा अधिक वेगाने तापणाऱ्या; अतिवृष्टीत मोठ्या क्षेत्रावर वाढ. रात्री अधिक तापणार हे वाक्य ऐकायला सौम्य आहे. परंतु जबलपूरच्या पंचक्रोशीतील रब्बी गहू आणि जिल्ह्याची ओळख बनलेला हिरवा वाटाणा ही थंड रात्रींवर पोसली जाणारी पिके आहेत. गोरखपूरच्या बाजारात हिवाळ्यात येणाऱ्या भाजीचा त्या वाक्याशी थेट संबंध आहे.

३

परंतु संबंध असणे वेगळे आणि प्रमाण असणे वेगळे. ज्ञानाच्या कोणत्या प्रकारात या प्रक्षेपणाची गणना करावी?

भविष्य जाणण्याच्या रीती या भूमीला नव्या नाहीत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेची लक्षणे देऊन त्यानंतर १९५ दिवसांनी वर्षाव होतो असे सांगितले आहे. पंचांग आजही प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे वाहन सांगते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचे भाकीत जाहीर केले जाते. सहदेव-भाडळीची वचने महाराष्ट्रात आणि घाघ-भड्डरीची हिंदी मुलुखात शेतकऱ्याच्या तोंडी होती. या सर्वांची सत्यासत्यता हा येथे मुद्दा नाही. त्यांचे एक समान लक्षण ध्यानात घेण्याजोगे आहे: त्यांत माणसाच्या कृतीला जागा नाही. बेडूक वाहन असो वा हत्ती, पाऊस यायचा तसा येईल. माणसाने फक्त पेरणी जुळवून घ्यायची. भविष्य तेथे आधीच लिहिलेले असते, केवळ वाचायचे राहिलेले असते.

न्यायदर्शनाने अनुमानाचे जे तीन प्रकार मानले, त्यांपैकी दोहोंची पारंपरिक उदाहरणे पावसाचीच आहेत. दाटलेल्या मेघांवरून पाऊस येईल असे जाणणे हे पूर्ववत्. नदीला आलेल्या पुरावरून वर पाऊस झाला असे जाणणे हे शेषवत्. त्यावर न्यायसूत्रांतच पूर्वपक्ष उभा केला आहे की नदी अडवली गेल्यानेही तिचे पाणी चढते, तेव्हा असे अनुमान विश्वासार्ह कसे? सिद्धान्ती उत्तर देतो की नुसते चढलेले पाणी हे लिंग नव्हेच. गढूळपणा, वेग, वाहून आलेला पालापाचोळा यांसह असलेला पूर हे लिंग. ग्वारीघाटावर हा जुना वाद आज नव्या अर्थाने जिवंत झाला आहे. १९९०च्या सुमारास वरच्या अंगाला बरगी धरण भरले. आता घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, तेव्हा अमरकंटकाकडे पाऊस झाला एवढे अनुमान पुरत नाही. धरणाच्या एकवीस दरवाजांपैकी किती उघडले आहेत, हेही ठाऊक असावे लागते. नदीच्या पाण्यात माणसाचा निर्णय मिसळला आहे. नेमकी हीच गोष्ट आता आकाशाबाबत घडली आहे. १८५०च्या सुमारास हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत २८०च्या आसपास होते. २०२४ साली ते ४२०च्या वर होते. मेघांच्या आड माणसाचा हात आहे, आणि तो वगळून केलेले कोणतेही अनुमान यापुढे अपुरे आहे.

म्हणूनच हे प्रक्षेपण अनुमानाहून अधिक जवळ येते ते नैयायिकांच्या 'तर्का'च्या. येथे अग्नी नसता तर धूरही नसता, असे जाणूनबुजून केलेले आरोपण म्हणजे तर्क. तर्काला नैयायिकांनी स्वतंत्र प्रमाण मानले नाही, पण प्रमाणाला अनुग्रह करणारा म्हणून त्याला मान दिला. प्रतिमान हेच करते. माणसाने हवेत काहीच मिसळले नसते तर गेले शतक कसे गेले असते, हे ते मांडून दाखवते आणि प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहते; आणि मग पुढल्या शतकाविषयी एकाऐवजी अनेक 'जर' घेऊन अनेक 'तर' काढते. ज्योतिषी एक भविष्य सांगतो. प्रतिमान अनेक सांगते आणि त्यांपैकी कोणते खरे करायचे हे श्रोत्यावर सोपवते. तुच्छतेने ज्याला जरतर म्हटले जाते, त्याला शास्त्रात असे प्रतिष्ठित स्थान आहे.

४

येथे दोन अडचणी उभ्या राहतात आणि त्या टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिली अशी की चित्र जितके बारीक, तितके ते निश्चित असेलच असे नाही. प्रादेशिक प्रतिमान आपल्या कडांवरची माहिती दुसऱ्याकडून घेते; त्या माहितीतील दोष त्याच्या बारीक जाळीत अधिक रेखीवपणे उमटतो. पन्नास किलोमीटरच्या चौकटीत रंगवलेला ठिपका पाहणाऱ्याला नकाशाइतका खरा वाटतो. पावसाबाबत तर ही सावधगिरी अधिकच हवी. बहुतेक प्रतिमाने तापत्या जगात भारताचा मोसमी पाऊस वाढेल असे सांगत आली. प्रत्यक्षात, भारत सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार, १९५१ ते २०१५ या काळात देशाचा उन्हाळी मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. हवेतील धुराचे व धुळीचे कण हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. त्याच अहवालात हेही आहे की मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस कमी, पण मुसळधार दिवस जास्त, असे हे दुहेरी चित्र. प्रतिमानांनी अतिवृष्टीची दिशा ओळखली होती; एकूण पावसाबाबतचा त्यांचा कौल गेल्या दशकांच्या नोंदींशी जुळलेला नाही.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. कोणाला चौकट मिळते, हा निर्णयही माणसेच करतात. २०१० साली केंद्र सरकारने २०३०च्या दशकासाठीचे राष्ट्रीय मूल्यमापन प्रसिद्ध केले, तेव्हा त्यासाठी चार प्रदेश निवडले होते: हिमालय, पश्चिम घाट, किनारपट्टी आणि ईशान्य भारत. निवडीला सबळ कारणे होती. पण नर्मदेचे खोरे, सातपुडा, विंध्य हा देशाचा मध्यभाग त्या चारांत नव्हता. ज्या प्रदेशाचे भविष्य मोजले जात नाही, त्याची हानी पुढे घडली तरी ती आधी कोणाच्या जबाबदारीच्या वहीत नोंदलेली नसते. न मोजणे हे तटस्थ नाही.

या दोन अडचणींवरून असा निष्कर्ष काढला जातो की ज्ञान अनिश्चित असताना कर्तव्य कसले? परंतु अनिश्चिततेचा अर्थ अज्ञान असा नव्हे. जबलपूरला याचा एक दारुण अनुभव आहे. २२ मे १९९७च्या पहाटे झालेल्या भूकंपाने या शहराची आणि आसपासच्या खेड्यांची घरे पाडली, माणसे मारली. भूकंप कधी होईल हे सांगणारे शास्त्र तेव्हा नव्हते आणि आजही नाही. पण नर्मदेच्या खोऱ्याखाली भेगाळलेला कवच-प्रदेश आहे, हे भूवैज्ञानिकांना माहीत होते. 'कुठे' ठाऊक होते, 'कधी' ठाऊक नव्हते. म्हणून भूकंपासाठी कोणाला दोष देता येत नाही, पण कच्च्या बांधणीसाठी देता येतो. हवामानाबाबत अज्ञानाची जागा उलट आहे: दिशा आणि काळ बऱ्याच अंशी ठाऊक आहेत, नेमके कोणत्या खोऱ्यावर, किती, हे धूसर आहे. दोन्हीकडे ज्ञान अपुरेच. आणि दोन्हीकडे त्या अपुऱ्या ज्ञानाने घातलेले बंधन खरेच.

५

हे बंधन कोणावर, हा प्रश्न मात्र भूकंपाने विचारला नव्हता. येथे जरतरच्या वाक्याची रचनाच उकलून पाहावी लागते. या वाक्यातील 'जर' आणि 'तर' एकाच ठिकाणी राहत नाहीत. 'जर' मुख्यतः दूरच्या औद्योगिक शहरांत, वीजकेंद्रांत, महामार्गांवर आणि तेही गेल्या दीडशे वर्षांत घडला आहे. 'तर' येथे येतो. वाटाण्याच्या शेतात, पत्र्याच्या छपराखाली दुपार काढणाऱ्या दुकानात, उतारावरच्या तुंबलेल्या नाल्यात. पृथ्वीव्यापी प्रतिमान जोवर साऱ्या जगाची सरासरी सांगत होते, तोवर ही फारकत झाकलेली होती. सरासरीत सर्वच थोडे अपराधी आणि सर्वच थोडे पीडित असतात. प्रादेशिक प्रतिमानाने 'तर'ला पत्ता दिला. त्याचे नैतिक महत्त्व यातच आहे.

भारतीय कर्मविचाराने दोन दोष असह्य मानले: कृतप्रणाश, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे; आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ भोगावे लागणे. विश्वाची व्यवस्था न्यायी असेल तर हे दोन्ही घडता कामा नयेत, म्हणून पुनर्जन्मापर्यंत हिशेब लांबवण्यात आला. हवामानबदलात हे दोन्ही दोष उघड्या डोळ्यांसमोर, एकाच वेळी घडतात. ज्याने कोळसा जाळून संपत्ती केली तो फळ भोगण्यापूर्वीच निघून गेला. जो अजून जन्मलाही नाही, त्याच्या माथी ते फळ आले. येथे पूर्वजन्माचा हवाला देणे म्हणजे अन्यायाला तत्त्वज्ञानाचे पांघरूण घालणे होय. कर्माचा सिद्धान्त ज्या विषमतेला घाबरत होता, ती विषमता आता मोजून, नकाशावर रंगवून दाखवता येते.

तथापि गोरखपूरला केवळ पीडिताच्या बाजूला उभे करणेही खरे नाही. याच राज्याच्या पूर्व भागात, सिंगरौलीच्या कोळशावर, ४७६० मेगावॉट क्षमतेचे विंध्याचल वीजकेंद्र उभे आहे. देशातील औष्णिक केंद्रांत त्याची गणना सर्वांत मोठ्यांत होते. या शहरातील दिवे, पंखे आणि उन्हाळ्यात वाढत जाणारी वातानुकूलन यंत्रे अशा कोळशाशी जोडलेली आहेत. जगाच्या तुलनेत येथील माणसाचा वाटा लहान आहे, पण शून्य नाही. बरगीच्या जलाशयात दीडशेहून अधिक गावांची घरे-शेते गेली तेव्हा ज्यांनी त्याग केला ते एक आणि ज्यांना पाणी मिळाले ते दुसरे, हेही येथेच घडले. 'जर' एकाचा आणि 'तर' दुसऱ्याचा, ही फारकत फक्त राष्ट्राराष्ट्रांतली नाही. ती एका खोऱ्याच्या आत, एका शहराच्या आतही आहे. दूरच्या दोषाकडे बोट दाखवण्याचा अधिकार जवळच्या दोषाची कबुली देऊनच टिकतो.

६

मग अपुऱ्या ज्ञानाच्या उजेडात नेमके काय करावे? याचे एक उत्तर या भूमीच्या जुन्या बांधकामात आहे. जबलपूर ही गोंड राजवटीच्या काळापासून तलावांची नगरी. येथे बावन्न ताल होते, असे परंपरा सांगते. राणीताल राणी दुर्गावतीच्या नावाशी, अधारताल तिचा मंत्री अधारसिंह याच्या नावाशी आणि चेरीताल तिच्या दासीशी जोडला जातो. राणी १५६४ साली लढाईत पडली. तिच्या काळी पुढच्या वर्षीचा पाऊस सांगणारे कोणते साधन असणार? तरीही तलाव बांधले गेले. आणि तलाव बांधणारा जाणता कारागीर, मग तो कोणत्याही मुलुखातला असो, बंधाऱ्याबरोबर सांडवा काढतोच. बंधारा सांगतो की पाऊस कमी पडेल. सांडवा सांगतो की तो फार पडेल. आपला अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो, ही कबुली तो कारागीर दगडात बांधून ठेवतो. अनिश्चितता हे त्याला काम न करण्याचे निमित्त ठरले नाही. तिनेच कामाला आकार दिला.

याच न्यायाने प्रक्षेपण वाचले पाहिजे. त्यातून एक आकडा उचलून त्यावर गटारे, पूल आणि पीकपद्धती बेतणे म्हणजे सांडवा न काढता बंधारा बांधणे. आकड्यांचा पल्ला वाचायचा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना तग धरील अशी व्यवस्था करायची असते. या दृष्टीने पाहता, शहराच्या वाढीत बुजत गेलेला प्रत्येक तलाव म्हणजे केवळ सौंदर्याची हानी नव्हे. मध्य भारतात मुसळधार दिवस वाढत असल्याच्या नोंदी समोर असताना पाणी धरून ठेवणारी जागा बुजवणे, हे माहीत असूनही केलेले कृत्य ठरते. पूर्वीच्या पिढीला न कळल्याची सवलत देता येईल. आताच्या पिढीला ती देता येणार नाही.

यावर एक सरळ आक्षेप आहे आणि तो गरिबाच्या तोंडी शोभतो: ज्याला आजची चूल पेटवायची आहे, त्याने पन्नास वर्षांनंतरच्या माणसाची चिंता का वाहावी? त्याने ती एकट्याने वाहावी, असे कोणताही न्यायी विचार म्हणणार नाही. भार ज्याच्या त्याच्या कुवतीनुसार आणि ज्याच्या त्याच्या 'जर'मधील वाट्यानुसार पडला पाहिजे. परंतु त्याच गरिबाने सावकाराचे कर्ज काढताना ते नातवाच्या नावावर लिहून दिले, तर गावाला ते खपत नाही. पुढच्यांच्या नावावर, त्यांची सही न घेता कर्ज काढू नये, एवढा साधा व्यवहारधर्म येथे लागू आहे. तो समजण्यास मोठे तत्त्वज्ञान लागत नाही.

वैज्ञानिकांकडूनही काही मागणे न्याय्य आहे. प्रतिमानाने जे सांगितले आणि जे सांगितले नाही, ते त्या खोऱ्यातील माणसाला कळेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजे. आणि ज्यांना चौकट मिळाली नाही त्यांना ती मागण्याचा हक्क आहे. कारण ज्याच्या अंगणात 'तर' येणार, त्याला 'जर'विषयी प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार आहे.

लिखित भविष्यापुढे माणूस निरपराध असतो, कारण त्याच्या हाती काहीच नसते. सशर्त भविष्यापुढे तो निरपराध राहत नाही. जरतरच्या गोष्टी म्हणून ज्या वाक्याला झिडकारले जाते, त्याचे पूर्वार्ध अजून लिहिले जात आहे. रोज, थोडेथोडे, वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून आणि बुजवलेल्या तलावांच्या जागी. उत्तरार्ध वाचणारे कोणी दुसरेच असतील, आणि त्यांना पूर्वार्धात एकही शब्द बदलता येणार नाही.